कडू घासाचं बोलणं

मुरुम
११ जुलै २०२५

न्हाय काढणार.

झालं, पहिल्याच ओळीत उत्तर दिलं. ‘दावा काढून घे’ एवढाच मेसेज टाकायचा आणि लगेच ब्लॉक करायचं, ही कुठली पद्धत, अण्णा? भांडायचंय तर पुरतं भांड की. तू दार लावलंस म्हणून मी पोस्टानं आले. पोस्टातल्या बाई म्हणल्या, “राखीला अजून टाइम हाय की.” मी म्हणलं, “राखी न्हाय, भांडण हाय.” त्यांनी तिकीट जरा जोरातच चिकटवलं.

तू पुण्यात कुणाकुणाला काय सांगायलास ते मला कळतं. ‘शिवलीलाला नवी नवी वकिलीची सनद मिळाली, अप्पांच्या मरणावर हात बसवून घ्यायलीय.’ लागलं मला. पण वाक्य चांगलंय. असं नेमकं वाक्य तू शाळेतल्या निबंधात कधी लिहिलं न्हाईस.

तू दावा वाचलेलाच न्हाय. फेब्रुवारीत वकीलपत्रावर सही करून कुरिअरनं पाठवलंस, एवढंच. म्हणून सांगते त्यात काय आहे. वादी क्रमांक एक अव्वा, मयताची बायको. दोन तू. तीन मी. मी स्वतःच वादी असल्यानं वकील म्हणून कोर्टात उभी राहत न्हाय, माझे सीनियर गौरीशंकर सर राहतात. पण लिहिलंय मी. उमरग्याच्या कोर्टात आजकाल निम्मे दावे जुन्या दाव्यांवरून नावं बदलून होतात. हा तसा न्हाय. असा दावा इथं कुणाच्या फायलीत नव्हताच, बघून लिहायला.

त्यात लिहिलंय की अप्पा, म्हणजे मयत चन्नबसप्पा, मुरुमला पंपाच्या जळक्या मोटारी नव्यानं तार भरून द्यायचं दुकान चालवायचे. की गेल्या वर्षी मार्चमध्ये ते तांब्याची तार आणायला राज्याच्या सीमेपलीकडं गेले आणि तिथल्या बसस्टँडवर स्फोट झाला, त्यात गेले. की ज्यांनी स्फोट केला त्यांच्यावर फौजदारी खटला चालू आहे, आणि त्याच्या दोषारोपपत्रात म्हणलंय की सामान घ्यायला पैसा बारीक बारीक करून आला, पैसे पाठवायच्या काउंटरवरून, खोट्या नावानं. त्यातलं एक काउंटर मुरुमच्या आडत दुकानात. दुकान कुणाचं ते तुला मी सांगायला नको, तुझे सासरे वीरप्पामामा आहेत. ज्या कंपनीचं ते काउंटर, त्या कंपनीवर आपला दावा आहे. मामांवर न्हाय. परत वाच. मामांवर न्हाय.

आणि मग परिच्छेद नऊ. ‘त्या काउंटरवरून खोट्या नावानं पैसा वाईट कामाला चाललाय हे कंपनीला माहीत होतं, आणि तिनं तिकडं बघितलं न्हाय.’ एवढंच. लई भारी वाटलं होतं लिहिताना.

आता कंपनीनं अर्ज टाकलाय. पुण्याहून वकील आले, गाडीवर आमच्या उमरग्याची धूळ घेऊन गेले. अर्ज असा, की दावा आत घ्यायच्या आधीच फेटाळा, कारण परिच्छेद नऊ नुसता आरोप आहे. कंपनीत कुणाला माहीत होतं? कुणी सांगितलं? कधी? ह्यातलं काही न्हाय. दाव्यात पुरावा लिहायचा नसतो, घडलेलं लिहायचं असतं. मी घडलेलं लिहिलंच न्हाय, निकालच लिहून टाकला.

आणि घडलेलं काय, ते तुला माहीताय. म्हणून तर तुझा मेसेज आला.

अप्पांची ओळख पटून त्यांना घरी आणायला चार-पाच दिवस गेले होते. तोवर टीव्हीवर स्फोटातल्या एका आरोपीचा फोटो फिरायला लागला होता. माती देऊन आलो आणि वीरप्पामामा कडू घास घेऊन आले. भाकरी, वरण, वांग्याची भाजी. अव्वासमोर बसले. तू हात धुवायला तांब्या घेऊन उभा होतास. मामा म्हणले, “याहीणबाई, त्यो माणूस माझ्या काउंटरवर यायचा. म्या कंपनीच्या साहेबाला सांगितलं होतं. येळवसच्या आदल्या दिवशी. म्हणलं दर खेपेला नवं आधार आणतो, पण माणूस त्योच, पायातली चप्पल तीच. साहेब म्हणला, मशीन घेतंय ना, मग तुमी कशाला अडवता.” आणि मामा रडले. म्हणले, “ह्याच हातानं पाठवले.”

तू त्यांच्या हातावर पाणी घातलंस.

दावा काढत न्हाय. अव्वा बरी आहे. दुकानाचं शटर आठवड्यातून एकदा उघडून झाडते.

— शिवलीला


मुरुम
६ ऑगस्ट

ब्लॉक अजून आहे, बघितलं.

मी मामांकडं गेले होते. तुला वैनींकडून कळलंच असेल, पण तुझ्यापर्यंत येताना त्या गोष्टीला दोन शिंगं फुटली असतील. म्हणून माझ्याकडून घे.

पण आधी गौरीशंकर सरांचं सांगते. अर्ज वाचून त्यांनी बडीशेप तोंडात टाकली आणि म्हणले, “दोन रस्ते हायत. एक सोपा. वीरप्पाला प्रतिवादी दोन कर. लिही की तो आणि कंपनी मिळून होते. कट. कट लिहिला की दावा हलत न्हाय.”

“पण सर, ते कटात नव्हते.”

“तुला कोण विचारायलंय? ह्या टप्प्याला कोर्ट लिहिलेलं खरं धरून वाचतं. खरं हाय का न्हाय, ते साक्षीला.”

“आणि साक्षीला खोटं निघालं तर?”

“तवर मी वर गेलेलो असेन. तुझं तू बघ.”

सर वाईट न्हाईत. असंच चालतं, एवढंच ते सांगत होते. मी विचारलं, दुसरा रस्ता कोणता. म्हणले, “अवघड हाय. ऐकलंस तेवढंच लिही. कुणी सांगितलं, कुणाला, कधी. आणि खाली सत्यापनात लिही की हा मजकूर कुणाकडून कळला. मग वीरप्पाचं नाव येतंच. आरोपी म्हणून न्हाय, सांगणारा म्हणून. आणि एवढ्यावर दावा टिकेल का, सांगता येत न्हाय.”

घरी येऊन अव्वाला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. म्हणली, “कटच लिही.”

“अव्वा, मामा कटात होते का?”

“न्हाय.”

“मग?”

“तरी लिही. म्या दीड वरीस एकटी रडायले. त्यालाबी जरा रडू दे.”

ती फोडत राहिली. मग म्हणली, “पण त्याच्या भाकरीचं काय करू? पहिला घास म्या त्याच्याच भाकरीचा खाल्ला.” आणि शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं. आपल्या अव्वाचा होकार असाच येतो, तुला माहीताय.

तर मामांच्या दुकानात. उडीद यायला अजून वेळ आहे, गाळा मोकळा होता. काउंटर होतं तिथं आता पोत्यांची चवड आहे. भिंतीवर कंपनीच्या बोर्डाचा चौकोन तेवढा पांढरा राहिलाय. मामांनी पंखा माझ्याकडं फिरवला. “बस यव्वा. ताक घे.”

मी सरळ सांगितलं काय लिहायचंय ते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणले, “दुखवट्याच्या घरी माणूस धीर द्यायला बोलतो. ते काय स्टँपपेपरवर बोलतो का?”

“खोटं बोलला होता का मामा?”

“खोटं कशाला बोलू? पण तुझ्या अव्वाला बोललो. कोर्टाला न्हाय.”

“साहेबाला सांगितलं त्याचं काही लिहिलेलं आहे? मेल, मेसेज?”

ते हसले. “आडतीवर कधी लिहितात व्हय? पन्नास क्विंटलचा सौदा मान हलवून करतो आमी. साहेब गाळ्यात आला, चहा पेला, म्या सांगितलं. संपलं.”

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली, जी तुला माहीत होती आणि मला नव्हती. पोलिसांनी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला कधी शंका आली होती का? मामांनी न्हाय म्हणून सांगितलं. घाबरून. आता मी त्यांचं खरं लिहिलं की तिकडचं खोटं उघडं पडतं. “आणि लोक म्हणतील,” मामा म्हणले, “ह्याला कळत होतं, तरी पाठवत राह्यला. ते खरंच हाय ना यव्वा. साहेबाला सांगितल्यावर पण म्या दोनदा पाठवले.”

माणूस स्वतःहून एवढं सांगतो तेव्हा त्याच्या पुढ्यात वकील म्हणून बसायची लाज वाटते. पण उठले पण न्हाय. म्हणलं, “मामा, मी लिहिणार. तुम्ही जेवढं बोललात तेवढंच. एक शब्द जास्त न्हाय. आणि तुम्ही कटात होता असं कुणी मला गळ्यावर सुरी ठेवून सांगितलं तरी लिहिणार न्हाय.”

त्यांनी माझा ताकाचा पेला परत भरला. “तू लिहिणार म्हणतीस तर लिहिशील. चन्नबसप्पाची पोरगी हायस, जळकी मोटार न्हेली तर पहिल्यांदा आतला दोष दाखवायचा, मग भाव सांगायचा. पण माझ्या पोरीचं घर तिथं हाय, एवढं ध्यानात ठेव.”

ते ध्यानात आहे. म्हणून हे पत्र. परिच्छेद नऊ नवीन लिहिलाय, सोबत ठेवलाय. त्यावर वादी क्रमांक दोनची सही लागते. तू तिथं तांब्या घेऊन उभा होतास, अण्णा. तुझी सही माझ्यापेक्षा जास्त खरी असेल, मी तर उंबऱ्यात होते.

तू म्हणशील कडू घासाचं बोलणं बाहेर न्यायचं नसतं. मला पण तसंच शिकवलंय. पण कुणासाठी होता तो कडू घास? ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यासाठी. मग ते बोलणं आपलं झालं. आपण ते कुठं न्यायचं ते आपण ठरवायचं.

कट लिहायला मला एक ओळ लागली असती. लिहिली न्हाय. ह्याचा मला एवढा अभिमान आहे की दोन दिवस मी उगीचच ताठ चालायलीय. बसस्टँडवरचा रसवाला म्हणला, मॅडम पाठ धरली का?

— शि.


उमरगा, कोर्टाच्या आवारातून
१९ सप्टेंबर

तुझी सही आली न्हाय. तुझ्या वकिलाची आली. पुरसिस दिलीस, म्हणजे कोर्टाला चिठ्ठी. ‘वादी क्रमांक दोन यास सदर दावा पुढे चालविणे नाही. दुरुस्त परिच्छेद नऊ मधील मजकूर त्यास माहीत नाही.’

बरं. तू कोर्टाच्या भाषेत बोललास, मी पण तशीच बोलते.

१) असे की, लिहिणारी आणि ज्याला लिहिलंय तो, सख्खे बहीणभाऊ आहेत.

२) असे की, लहानपणी भावानं बहिणीला मोटारीत तार कशी भरायची ते शिकवलं आणि अप्पांना सांगितलं की हिला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

३) असे की, ज्या दिवशी अप्पांना माती दिली त्या दिवशी भावाच्या हातातला तांब्या मामांचं बोलणं ऐकताना थांबला. पाणी पडायचं बंद झालं. मामांचा हात तसाच पुढं राहिला. मग भावानं परत पाणी घातलं.

४) असे की, भावाला मजकूर माहीत होता.

५) असे की, तो सासऱ्यांची अब्रू वाचवायला खोटं बोलतोय, आणि अब्रू वाचवावी वाटणं ह्यात वाईट काही न्हाय, पण त्यासाठी त्यानं बहिणीला खोटं पाडलं.

६) असे की, पुण्यात आठ माणसांत भाऊ म्हणला, आमच्याकडं अतिरेक्यांचा विषय काढत जाऊ नका, बायको घाबरते. बायको घाबरत न्हाय.

सत्यापन: वरील मजकुरातील १ ते ३ हे मी स्वतःच्या माहितीनं खरं लिहिलंय. ६ हे मला कळलेल्या माहितीवरून खरं समजते. ४ आणि ५ हे मी ३ वरून काढलंय, ते मला दिसलेलं न्हाय. मनातलं कुणाला दिसतं? पण कायद्यात एक नियम आहे, फार जुना. समोरच्याच्या मनातलं, म्हणजे त्याला माहीत होतं, त्याचा हेतू होता, असलं काही लिहायचं तर नुसतं ‘होतं’ म्हणून लिहिलं तरी चालतं. कशावरून, ते लिहायलाच पाहिजे असं न्हाय. मला वाटायचं हा नियम आळशी लोकांसाठी केलाय. आता वाटतं, ज्यानं केला त्याला कुणीतरी जवळचा माणूस तोंडावर न्हाय म्हणला असणार.

मी मात्र ३ लिहिला. नुसत्या ४ वर भागवलं न्हाय. कंपनीला जे दिलं तेच तुला.

तुझं ‘माहीत नाही’ आत्ता कोर्ट वाचणार न्हाय, सरांनी सांगितलंय. दावा ठेवायचा का फेकायचा हे ठरवताना फक्त दाव्यात काय लिहिलंय तेवढंच बघतात. दुसऱ्याचं न्हाय म्हणणं पुढं येतं. त्यामुळं तू घाई केलीस.

अव्वानं दुरुस्तीवर सही केली. कानडीत, तिला दुसरी येतच न्हाय. क्लार्क म्हणला हे काय लिहिलंय, आम्हाला कसं कळावं? अव्वा म्हणली, “उमादेवी लिहिलंय. तुला कळंना तर ह्या पोरीला इचार, पण नाव माझंच हाय.”

सही केल्यावर बाकावर बसली आणि तुझ्यासाठी रडली. मी ते दाव्यात लिहिलेलं न्हाय.


मुरुम
१० ऑक्टोबर

दावा राहिला.

सगळं सांगते. तू वाचशील का माहीत न्हाय, पण मला कुणालातरी पहिल्यापासून सांगायचंय, आणि घरात ज्याला सांगायचे तो माणूस गेलाय, दुसरा तू.

मागच्या आठवड्यात युक्तिवाद झाला. पुण्याचे वकील लई सभ्य, आवाज असा की वाटतं बँकेत मुदतठेवीची चौकशी करायलेत. त्यांनी आधी माझी चूक काढली. आणि चूक होतीच. परिच्छेद नऊमध्ये मी लिहिलं होतं, ‘सन २०२४ च्या जानेवारीतल्या येळवसच्या आदल्या दिवशी’. पुढं तारीख न्हाय. मला सुचलंच न्हाय की तारीख लिहायची असते. येळवस म्हणजे येळवस.

ते जजना म्हणले, “मॅडम, कधी सांगितलं हे स्पष्ट हवं. इथं काहीतरी येळवस म्हणून लिहिलंय. हे गाव आहे, व्यक्ती आहे, काय आहे, माझ्या अशिलाला समजत नाही.”

अख्खं कोर्ट हसलं. बेलिफ हसला, मागं बसलेले दुसऱ्या दाव्यांचे पक्षकार हसले. सरांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी येळवसच्या भज्जीत गूळ घातलाय. मला जमिनीत जावं वाटलं.

जज मॅडम हसल्या न्हाईत. म्हणल्या, “वकीलसाहेब, त्या अमावस्येला तुम्ही उमरग्यात आला असता तर तुम्हाला चहासुद्धा मिळाला नसता. सगळं गाव शेतात जेवायला जातं. कलेक्टर सुट्टी देतात. दिवस निश्चित आहे. वादींनी कंसात तारीख लिहावी.” आणि माझ्याकडं बघून, “पुढच्या वेळी आधीच लिहावी.”

मग पुण्याच्या वकिलांनी दुसरा मुद्दा काढला, आणि तो हसण्यासारखा नव्हता. म्हणले, धरून चालू की दुकानदारानं सांगितलं. काय सांगितलं? माणूस तोच, आधार वेगळं. म्हणजे फसवणुकीची शंका. त्यावरून त्या साहेबाला स्फोट कसा माहीत असणार? शंका म्हणजे माहिती न्हाय. आणि एका साहेबानं चहा पिताना ऐकलेलं म्हणजे अख्ख्या कंपनीनं ऐकलेलं न्हाय. उद्या दर आपत्तीनंतर कुणीही उठेल आणि ज्या ज्या बँकेतून पैसा गेला तिच्यावर अतिरेक्यांना मदत केल्याचा शिक्का मारेल. नुसता शिक्का बसला तरी धंदा बुडतो. म्हणून कोर्टानं दारातच गाळून घ्यायला पाहिजे.

अण्णा, खरं सांगू, मला ते पटलं. अर्धं. मी पण रात्रंदिवस तोच विचार केला होता की कट न लिहिण्याचं कारण हेच ना. शिक्का.

सर उठले. बडीशेप गालात सरकवली. म्हणले, “आम्ही शिक्का मारलेला नाही. कुणी, कुणाला, कुठं, काय सांगितलं आणि त्यावर काय उत्तर मिळालं, एवढं लिहिलंय. ‘मशीन घेतंय ना, मग कशाला अडवता’. कळायला नको म्हणून कान झाकून घेणं ह्याला माहीत असणं म्हणायचं का न्हाय, ते साक्षीनंतर ठरवा. पण ज्याच्यावर लिहिलंय त्यानं निदान उत्तर द्यावं.” आणि बसले. मी त्यांना लिहून दिलेली तीन पानं त्यांनी उलटून पण बघितली न्हाईत. पण बोलले त्यातला शब्द न शब्द परिच्छेद नऊमधला होता. माझा.

आज ऑर्डर झाली. अर्ज नामंजूर. मॅडमनी लिहिलंय की आज वादींचं म्हणणं खरं धरून वाचायचं आहे, आणि तसं वाचलं तर प्रतिवादीनं उत्तर देण्याजोगं काही नक्की आहे. पुढं हेही लिहिलंय की स्फोटाच्या कामाला पैसा जातोय हे माहीत होतं, एवढं सिद्ध करणं वादींना फार जड जाईल. पण दावा अर्धा ठेवून अर्धा फेकता येत न्हाय. राहिला तर सगळा राहतो.

जड जाईल. मला माहीताय. हरू पण. पण आता त्यांना लिहावं लागणार की तो साहेब कोण होता, त्या दिवशी मुरुमला आला होता का न्हाय. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा कुणालातरी आपल्याला उत्तर द्यावं लागणार आहे. हे मी केलंय. अव्वानं आणि मी. मी ऑर्डरची नक्कल घरी आणून दुकानात नेली आणि अप्पांच्या टेबलावर ठेवून मोठ्यानं वाचली. शटर उघडं होतं. समोरचा पंक्चरवाला काम थांबवून ऐकत होता. म्हणला, “परत वाचा की ताई, मधलं.”

मॅडम आपल्या कोण? त्यांनी आपल्याला कधी बघितलं पण नव्हतं. तरी त्यांनी एकदा आपलं सगळं खरं धरून वाचलं. तू एकदा तरी तसं करून बघ, अण्णा. नंतर काय तपासायचं ते तपास.

तुझ्या पुरसिसवर पण ऑर्डर आहे. वादीतून बाहेर पडायला बाकीच्या वादींची संमती लागते. अव्वानं दिली, मी दिली. पण तू अप्पांचा वारस आहेस, तुझं नाव दाव्यात कुठंतरी पाहिजेच. त्यामुळं तुला औपचारिक प्रतिवादी केलंय. प्रतिवादी क्रमांक दोन.

अव्वाला समजावून सांगितलं. ती म्हणली, “म्हणजे कंपनीच्या रांगेत बसवलं का पोराला?”

“नुसतं कागदावर, अव्वा.”

“कागदावरच तर समदं चाललंय तुमचं.”

कोर्टाच्या फाटकाबाहेर मामा उभे होते. आत आलेच न्हाईत. पांढरी टोपी हातात. अव्वाला म्हणले, “चहा घेता का याहीणबाई?” दीड वर्षात पहिल्यांदा तिला बोलले. तिनं घेतला. साखर कमी हाय म्हणली.

मामांनी मला विचारलं, “आत माझं नाव वाचलं का?”

“वाचलं.”

“कसं वाचलं?”

“सांगणारा म्हणून.”

त्यांनी टोपी घातली. कपातलं उरलेलं संपवलं, मग म्हणले, “त्या पोलिसाला परत जाऊन सांगावं लागंल मला. कुठं बसतो आता त्यो?” सर पुढं झाले, म्हणले चला, मी येतो तुमच्याबरोबर.

हे तुला सांगायचं होतं. बाकी काही न्हाय.

— शिवलीला


चिंचवड, तुझ्या स्वयंपाकघरातून
२२ नोव्हेंबर

तू खाली भाजी आणायला गेलायस म्हणल्या वैनी. म्हणून ओट्यावर बसून लिहायले, तुझ्याच पेनानं.

तुझं समन्स बेलिफाकडून आलं असतं. मी हमदस्त मागून घेतलं, म्हणजे मीच हातानं आणून द्यायचं. सर म्हणले, “कशाला जाती? पोस्टानं जातंय की.” मी म्हणलं पोस्टानं लई पाठवलं.

काल उमरग्याहून बसले. जळकोटला गाडी पंक्चर झाली, तिथं तास गेला. मनात घोकत आले की दारात तुला काय म्हणायचं. फार चांगली चांगली वाक्यं होती. दार वैनींनी उघडलं आणि सगळी गेली.

वैनींनी समन्स वाचलं. म्हणल्या, “ह्यांच्या ऐवजी मी घेतलं तर चालतं?” चालतं, घरातलं मोठं माणूस कुणीही घेऊ शकतं. त्यांनी सही केली. मग चहा टाकला. विचारलं, “पप्पांना पण येणार का?”

“साक्षीचं येईल. वेळ आहे अजून.”

“पप्पांचा फोन आला होता. पोलिसाकडं जाऊन आले म्हणले. झोप लागायलीय म्हणले.”

मग त्या गॅसकडं तोंड करून मला काहीतरी म्हणल्या. त्या दिवशी कडू घासाच्या वेळी त्या कुठं होत्या आणि त्यांनी काय ऐकलं, ते. मी विचारलं नव्हतं. ते मी इथं लिहीत न्हाय, दाव्यात पण घालणार न्हाय. त्यांचं आहे. तू त्यांना विचार. दीड वर्ष एका घरात राहून तू विचारलं न्हाईस, असं त्या म्हणल्या. एवढं मात्र लिहिते.

तुझ्याकडून मला आता काही नको, अण्णा. खरंच. आल्यापासून मी तपासून बघायले, राग आहे का. थोडा आहे. पण त्याच्यावर काहीतरी मोठं बसलंय. तुझ्या सहीशिवाय दावा राहिला. कट न लिहिता राहिला. येळवस लिहून राहिला. मी हरले तरी हे माझं कुणी काढून घेऊ शकत न्हाय, तू पण न्हाय, कंपनी पण न्हाय.

साक्षीला तुला बोलावतील. मी बोलावेन किंवा ते बोलावतील. तू काय सांगणार ते मी तुला आधी विचारणार न्हाय. फोन करणार न्हाय, अव्वाला करायला लावणार न्हाय. तू उभा राहशील, शपथ घेशील, आणि तुला आठवेल तेवढं सांगशील. तांब्याचं कुणी विचारणार न्हाय. ते दाव्यात नाहीच.

त्याआधी लेखी म्हणणं द्यायला कायदा तुला तीस दिवस देतो. मी कंपनीकडून एवढ्या दिवसांत उत्तर मागतेय, तुझ्याकडून लवकर मागायचा मला हक्क न्हाय.

अव्वानं शेंगाचटणी दिलीय, डबा फ्रीजवर ठेवलाय. डबा परत पाठव म्हणलीय.

वैनी गॅलरीतून म्हणायल्यात, गाडी लावायलेत खाली, थांबा की दोन मिनिटं. तू लिफ्टनं येशील. मी जिन्यानं निघाले.